नातीनं तक्रार पुसली नाई

बा, जित्ता होता तवा जाळं खांद्यावर टाकून घरभर जाळंच शोधत फिरे तू. मंग मले तरी काय वळखशील? मी तुझी मधली पोरगी. केस पांढरे झाले, अक्षर काई आलं नाई. मी सांगून राह्यली, माझी नात लिहून राह्यली.

हे नात तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं देते. तिनं इंटरनेटवर वाचनालयाचं पान उघडलं. नवं काय आलं ते ती तिथी सांगते, लोक खाली लिहितात, अन् ते सगळ्यायले दिसते. भरतीचा अभ्यास करणारे पोरं तिथूनच पुस्तकं मागाले लागले. मंग एका पोरीनं लिहिलं, "आम्ही धान कापून येतो तवा तुमच्या दाराले कुलूप. पुस्तकं काय फक्त साहेबायसाठी आहेत?"

वाचनालयाचे अध्यक्ष तणतणत आले. "पूस ते! इज्जत चालली आपली."

"भाऊ, पुसल्यानं कुलूप उघडते का? वेळ बदला."

"नोकरी नको झाली का तुले?"

"पाहिजे. पण पुसत नाई."

घरी येऊन ताटावर नुसती बसली. "काऊन वं?" म्हटलं, तवा सांगितलं. अन् मले तू दिसला, बा. तलावातले मासे काढले की तू तिथीच पाळीवर, तलावाच्या बांधावर, वाटे मांडे, साऱ्या गावासमोर. ज्याले वाटा कमी वाटला त्यानं तिथीच ओरडायचं. घरी जाऊन केलेली कुरकुर तू ऐके नाई. पाळीवर कोणी ओरडला, तर सारे वाटे मोडून पुन्हा लावे. हे पोरीनं कधी पाह्यलं नाई. तरी तेच करून आली!

तिले तुझ्या वाट्यायची गोष्ट सांगितली. "जेव आता," म्हटलं, "अन् वाटे पुन्हा लाव."

तिनं त्याच तक्रारीखाली विचारलं, कोणाले कोणती वेळ जमते? इतक्या लोकायनं लिहिलं का अध्यक्षायले वाचावंच लागलं. आता दिवे लागल्यावरही वाचनालय उघडं असते. वेळ मीच बदलली, असं अध्यक्ष साऱ्यायले सांगत फिरतात. फिरू दे.

नात म्हणते, "आजी, हे पत्र पानावर टाकू?" नको म्हटलं. कुठीच धाडायचं नाई. तुले पोचत नाई, हे का मले समजत नाई? पण तिच्या तोंडावर तिचं कौतुक करणं मले कधी जमलं नाई. तुझ्या नावानं सांगितलं का ती मान खाली घालून गुपचूप लिहिते. आताही लिहून राह्यली, कान लाल झाले पोरीचे.

तिकडून काही धाडशील तर मासे नको, मले आता काटे दिसत नाईत. शिंगाडे धाड. उकडून, सोलून.