मिस्सेत वाजलेलं ऑपेराचं गाणं

प्रिय एर्सिलिया,

नोव्हेंबरात सर्व संतांच्या सणाच्या सकाळी मी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेसाठी ऑर्गनवर बसलो, तेव्हा धुक्याने बोटं आखडली होती. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी नेहमीचं भजन सुरू केलं आणि कसं कोण जाणे, बोटं वळली ती थेट व्हेर्दींच्या ऑपेरातल्या समूहगीताकडे. आजूबाजूच्या गावांतले ऑर्गनवाले मिस्सेत सर्रास ऑपेरा वाजवतात. मी मात्र वीस वर्षं नाटकाचा एकही सूर आत येऊ दिला नव्हता. घाबरून थांबलो, तोवर प्रसादाची रांग गायला लागली होती. माझ्याविना त्यांनी गाणं शेवटाला नेलं आणि वर ‘आमेन’ म्हणाले!

मिस्सेनंतर फादर काल्लिस्तो धापा टाकत जिना चढून आले. मी मान खाली घातली. म्हणाले, “अन्सेल्मो, तू अर्ध्यात सोडलंस म्हणून सगळे बेसूर झाले. सुरू केलंस तर नीट संपवावं की!”

खाली दारात गिरणीवाली देझोलीना वाट अडवून उभी. “काय ऑर्गनमास्तर, शेवटी लेकीचं गाणं वाजवलंत म्हणायचं!” मी नेहमीची थाप मारली, एर्सिलिया पार्माला मावशीकडे शिवणकाम करते. देझोलीना पोट धरून हसली. “अहो, गेल्या कार्निव्हलला आम्ही तिला थिएटरात गाताना पाहिलंय. सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून दोन वर्षं शिवणकामाची चौकशी करतोय!”

मला राग यायला हवा होता, हसू आलं.

तू गेलीस तेव्हा ‘रंगमंचावरची मुलगी माझी नाही’ असं मी म्हणालो होतो. तेव्हापासून प्रार्थनेत तुझ्या नावाशी अडखळायचो. आपल्याच भागातल्या खानावळवाल्याचा मुलगा, तो व्हेर्दीही लहानपणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्याचा सूर प्रसादाच्या रांगेत लोकांच्या ओठी आला, तर त्याला अपवित्र म्हणणारा मी कोण?

आज नाताळचा दुसरा दिवस, संत स्टीफनचा सण, तुमच्या ऑपेराच्या हंगामाचा पहिला खेळ. हे पत्र मी थिएटरच्या मागच्या दाराशी बसून लिहितोय. तुझी आई द्वारपालाला भोपळ्याचं सारण भरलेली घरची तोर्तेल्ली खाऊ घालतेय, म्हणजे चिठ्ठी तुझ्यापर्यंत नक्की पोचेल. ते शब्द मी मागे घेतले, बाळा. नुसते मनात नाही. सकाळी गाडीत चढताना भर चौकात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, “माझी लेक गाते, तिला ऐकायला चाललोय!”

आज रात्री सगळ्यात वरच्या सज्जात बसणारा,
तुझाच,
बाबा