कल्पेश घरी आहे

सायली गाव, सिल्वासा
२ मार्च

कल्पेशच्या पप्पांना दुर्गाचा नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल. इथं ऊन वाढलंय. मला पुन्हा सकाळची शिफ्ट लागली, मशीनच्या आवाजानं डोकं धरतं, बाकी ठीक. शेजारचा वाळूभाऊ तुमच्या प्लांटवर कामाला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून.

कल्पेश घरी आहे. त्याला सुट्टी आहे असं मी तुम्हाला म्हटलं होतं. सुट्टी नाही. मीच त्याला नाशिकहून घेऊन आले.

त्याच्या खोलीतल्या अनंतचा फोन आला होता. "काकू, कल्पेश कॉलेजला येत नाही, जेवत नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडतो. तुम्ही या." सुपरवायझरला सांगून मी तशीच बस धरली. पोरगं पार उतरलं होतं. मी म्हटलं, "चल घरी." तर म्हणाला, "पप्पांना काय सांगशील?" आईला बघून त्याच्या तोंडून पहिलं हे निघालं.

घरी आल्यावरही तो बोलेना. मग एकदा मी भाकरी थापत होते, तर मागे येऊन बसला. म्हणाला, "मम्मी, मला मरून जावंसं वाटत होतं."

मी गॅस बंद केला, त्याच्याजवळ बसले. रडले नाही. रडले असते तर तो पुढचं बोलला नसता.

दोन विषय राहिले हे त्यानं तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पास झाल्याशिवाय घरात पाय ठेवू नको." रागात बोललात, मला कळतं. त्याला नाही कळलं. त्यानं ते खरं धरलं.

इथल्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टर बाई आहेत, त्यांच्याकडे नेते. गोळ्या चालू आहेत. बाई म्हणाल्या, "हा आजार आहे, आळस नाही. वेळ लागेल, पण बरा होईल." आता त्याला झोप लागते. परवा न सांगता बाजारातून वांगी घेऊन आला, निम्मी किडकी. मी सगळी चिरली.

हे वर्ष तो कॉलेजला जाणार नाही. मी स्वतः तिथं जाऊन सरांशी बोलून आले. पुढं तेच शिकायचं की दुसरं काही, ते तो बरा झाल्यावर ठरवेल. गावाकडं कोणी विचारलं तर उत्तर मी देईन. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही 'नाही' म्हणाला असतात आणि मला 'नाही' ऐकायचं नव्हतं.

एक मात्र माझ्या हातात नाही. रोज संध्याकाळी तो विचारतो, "पप्पांचा फोन आला होता?" भीतभीत विचारतो, पण विचारतो. मी त्याला खाऊ घालीन, दवाखान्यात नेईन, जगाशी भांडेन. त्याचा बाप कुठून आणू?

रविवारी फोन करा. मी त्याच्याच हातात देईन. निकालाचं काढू नका. आवाज चढला तर फोन मी बंद करीन, आताच सांगून ठेवते. तो गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. फक्त फोन ठेवू नका.

तुमचीच, आणि या वेळी कल्पेशच्या बाजूची,
दुर्गा