डावखुऱ्या टेलरची टेप

खैतान, कुवेत
३ नोव्हेंबर

जमिला आपास,
अस्सलामु अलैकुम. वि. वि.

फोन चौकशीसाठी जमा करून घेतलाय, म्हणून पत्र लिहून सुट्टीवर निघालेल्या राजाभाऊंच्या हाती देतोय. बसून वाच. तुझ्या हमजाला परवा परदेशी फौजेच्या छावणीतून पकडून नेलं. तिथल्या कमांडो तुकडीचे बेत शत्रूला आधीच कळत होते, त्यात सहा जवान गेले. हमजा काम करतो त्या लाँड्रीत, त्याच्याच गठ्ठ्यात, एक दिशदाशा सापडला. इथले लोक घालतात तो पायघोळ झगा. आत नकाशा शिवलेला. हेर तोच घालून बाहेर जायचा, असं म्हणतात. लढाईच्या दिवसांत याला फाशी होऊ शकते, असं वकील म्हणाला.

तुझ्यापासून काही लपवणार नाही. पण हमजाने हे केलेलं नाही, याची मला खात्री आहे. दुवा कर.

तुझा रियाज


साखरतर, रत्नागिरी
९ नोव्हेंबर

चि. रियाज यास,
अनेक दुवा. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही. गावात कुणाला सांगितलेलं नाही. तू तर गिऱ्हाइकाने डोळे वटारले की बटणं फुकट लावून देणारा. छावणीतल्या बड्या साहेबांसमोर तुझ्या तोंडून शब्द तरी फुटेल का? तरी जा. माझं पोर जिवंत आण, बाकी काही मागत नाही.

तुझी आपा


खैतान, कुवेत
१७ नोव्हेंबर

जमिला आपास,
अस्सलामु अलैकुम. वि. वि.

हमजा सुटला. आधी हे वाच, मग पुढचं.

छावणीत गेलो तेव्हा चौकशी करणाऱ्यांनी तो झगा समोर ठेवला. शिलाई माझीच होती. उन्हाळ्यात एक दाढीवाला माणूस दुकानात आला होता, मीना अब्दुल्लाच्या तेल कारखान्यात इंजिनिअर आहे म्हणाला. त्याचा उजवा खांदा पाऊण इंच उतरता, म्हणून कापड तसं कापलं होतं. मी हे सांगून टाकलं. मग त्यांनी बेत आधी माहीत असणारे दहा अधिकारी ओळीने उभे केले, सगळे सफाचट. चेहऱ्यावरून मला एकही ओळखता येईना. शेवटी मी माप घ्यायची परवानगी मागितली.

मी डावखुरा, त्यामुळे माप डाव्या हातापासून, तेही पाठीमागून घेतो. नवीन गिऱ्हाइकाला हे सांगावंच लागतं. नऊ जणांना सांगावं लागलं. दहावा तुकडीचा मेजर, छातीवर पदकांची रांग, छावणीत ज्याच्या तसबिरी लावल्यात तो. मी तोंड उघडायच्या आत त्याने पाठ वळवली आणि डावा हात वर केला.

त्याचं त्यालाही कळलं असावं, कारण त्याने हात सावकाश खाली घेतला. एवढा पराक्रमी माणूस, सगळ्या जगाला फसवणारा, आणि त्याचा हात माझ्या टेपला ओळखून होता. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं कबूल केलं, झगा हमजाच्या गठ्ठ्यात कोंबल्याचंसुद्धा.

हमजा मंगळवारच्या विमानाने येतोय.

तुझा रियाज


साखरतर, रत्नागिरी
२६ नोव्हेंबर

चि. रियाज यास,
अनेक दुवा. वि. वि.

हमजा पोचला. वाळलाय, पण जेवतो. तुझी गोष्ट दिवसातून चारदा सांगतो आणि मी दर वेळी हातातलं काम टाकून ऐकते. लहानपणी कोंबड्याला घाबरून माझ्यामागे लपणारा तूच ना, असं वाटतं.

एक गोष्ट तुलाच सांगते. इतके दिवस नमाजानंतर मी त्याचा जीव मागत होते. तो निर्दोष असू दे, असं एकदाही मागितलं नाही. मी त्याची आई, पण मला खात्री नव्हती. तुला पहिल्या दिवसापासून होती. हे त्याला कधी कळू देऊ नकोस.

माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी आपा