आजोबांचा गुडघा, आजींची मोजणी

३ तारीख, सोमवार
हलला! ड्रायव्हरआजोबांचा उजवा गुडघा आज चक्क बोटभर सरळ झाला! न्यूमोनियात दोन महिने पाय पोटाशी घेऊन पडून होते, गुडघा गंजलेल्या बिजागरीसारखा आखडलेला. वृद्धाश्रमातल्या आम्हा आयांपैकी सगळ्या जणी म्हणत होत्या, "आता कसला हलतोय!" घ्या, हलला की!

४ तारीख
मोठ्या सिस्टरांनी आज स्पष्टच सांगितलं. दोघांची खोली रिकामी झालीय, आजी-आजोबांना मिळेल. पण दोघांनाही एकाच माणसाच्या आधाराने पलंगावरून उठून खुर्चीत बसता आलं पाहिजे. नाहीतर आजोबा वरच्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्यांमध्ये — आणि आजी खाली एकट्या. बावन्न वर्षांचा संसार! तपासणी चोवीसला. मी बोलून गेले, "सिस्टर, खोली झाडून ठेवा!" माझी जीभ म्हणजे ना...

७ तारीख
आजींच्या पायाला भिंगरी. गुडघे करकर वाजतात, पण बाई थांबायचं नाव घेत नाही! पाणी आण, पांघरूण ओढ, "अगं, दुखत नाहीये ना त्यांना?" मला पाय धरायला जागाच नाही. शेवटी खुर्चीत बसवलं. "आजी, तुम्ही फक्त आकडे मोजा. काय हवं ते मी आणून देते." स्वारी खूश!
मोजतात मात्र लबाडीने. सातनंतर परत पाच! आजोबा म्हणाले, "कंडक्टर असतीस तर एकेक उतारू दोनदा मोजला असतास." हसून हसून माझ्या हातातला पाय सुटायची वेळ आली.

१२ तारीख
"सोड माझा पाय!" आजोबा ओरडले. घाईत जास्त ताणला मी. दुखायच्या अलीकडे थांबायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं, आणि तेच विसरले. गाढव आहे मी. गरम पाण्याची पिशवी दिली, माफी मागितली. संध्याकाळी स्वतःच पाय पुढे केला त्यांनी!

१५ तारीख
दोन्ही टाचा जमिनीला!!

१९ तारीख
नऊ आकडे उभे राहिले! (आजींचे नऊ, म्हणजे खरे अकरा-बारा.) आजींचा थाट बघावा — चहा खुर्चीत, जेवण खुर्चीत, न्हाणीपर्यंतही चाकाची खुर्ची. "उठू का गं जरा?" "बसा हो, मी आहे ना!"

२४ तारीख, दुपार
उठले! माझा एक हात पाठीला, बस्स. उठले, वळले, खुर्चीत बसले आणि वर सिस्टरांना म्हणाले, "पुढचा स्टॉप कुठला?" मी तिथेच टाळ्या पिटल्या. डोळ्यांत पाणी आलं, येऊ दे! आता चहानंतर आजींची तपासणी. ती काय, नावापुरती. त्या तर धावतात.

२४ तारीख, संध्याकाळ
आजींना उठता आलं नाही.
तीनदा हात टेकले. गुडघे आखडलेत, मांड्या थरथरतात. सतरा दिवस मीच म्हणत होते — बसा, मी आणते.
मी सिस्टरांपुढे सगळं कबूल केलं. पंधरा दिवस मिळालेत. तोवर खोली राखून ठेवणार आहेत.

२५ तारीख
पलंगावर आजी. खुर्चीत आजोबा, मोजायला. "एक..." म्हणाले आणि आजींसाठी पाणी मागितलं.
मी आणलं नाही. म्हटलं, "आजोबा, तांब्या टेबलावर आहे. मी पाठीला हात देते. उठा."