अकरावा प्रश्न

अष्टमी, रोहा
१९ जानेवारी १९९७

चि. मालू हिस हौसाताईचे आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझं पत्र सोमवारी पोचलं.

सहा वर्षांनी धाकट्या बहिणीचं पत्र येतं, आणि त्यात खुशालीच्या दोन ओळी अन् प्रश्नांची दोन पानं! पाकीट घाईघाईने फोडलं, आत बघते तर परीक्षेचा पेपर. यांना दाखवलं तर म्हणाले, "कंपनीत पण येवढे फॉर्म भरत नाय आम्ही." तरी दुकानात बांगड्या भरता भरता दहा प्रश्न सोडवलेत. कागद सोबत जोडला आहे.

तू तिकडे फिनलंडात बसून सायबेरियातल्या रेनडिअर पाळणाऱ्या लोकांच्या भाषा शिकतेस, हे मी आता गिऱ्हाइकांनाही सांगते. त्यांचे 'कोण', 'काय', 'कुठे' हे शब्द मुळात आले कुठून, ते तू शोधतेस आणि त्यासाठी सरांनी आपापल्या घरची विचारायची रीतही लिहून आणायला सांगितली, एवढं समजलं. त्यातल्या सेल्कुप लोकांचा 'काय' आपल्या 'काय'सारखाच ऐकू येतो, हे वाचल्याबरोबर मी शेजारच्या पुतळीमावशीला सांगून टाकलं की ते लोक आपले पाहुणे निघाले. पान उलटलं तर खाली तू लिहिलेलं, "ताई, हा नुसता योगायोग आहे, लगेच सोयरीक जुळवू नकोस." ओळखून आहेस मला!

काल बाबा मिठागरावरून आले आणि दुपारी शेतात पोपटी लावली. मडक्यात भाजायला वालाच्या शेंगा भरल्या कोणी, तर हरेशने. माझा धाकटा दीर, ज्याला तू नको म्हणालीस तोच. त्याची बायको अनिता माझ्याहून झकास भाकऱ्या थापते. त्याला तुझं नावही चटकन आठवलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस हो.

शेंगा खाताना मी बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या भाषांमधून 'काय'चे शब्द निरनिराळे होत गेले, पण 'कुठे'चं जुनं मूळ पुष्कळ ठिकाणी टिकलं, असं तू लिहिलंस. बाबा म्हणाले, "टिकनारच. मानूस दिसंनासा झाला की आधी कुठं हाय, त्येच इचारतात."

मग अकरावा प्रश्न वाचला. 'घरातून निघालेल्या माणसाला तुमच्याकडे काय विचारतात?' बाबांनी लगेच सांगितलं, "'कुठं' इचारायचा नाय, अपशकुन होतो. 'लांब का?' इचारावं." आणि रस्त्याकडे बघायला लागले. शेंग हातातच राहिली.

मालू, हा प्रश्न तुझ्या सरांचा नाही, एवढं मला बांगड्या विकूनही कळतं.

त्या दिवशी तू आपल्या कासूच्या घरातून पिशवी घेऊन स्टेशनाकडे निघालीस. बाबांनी ओट्यावरून विचारलं, "लांब का गो?" तू "हो" म्हणालीस आणि दाराकडे बघत राहिलीस. मी आत पाठ फिरवून वालाचं बिरडं सोलत बसले होते. नंतर सगळ्यांना सांगत सुटले की निघालेल्याला विचारू नये म्हणून नाही विचारलं. खोटं. 'लांब का' म्हणायला कुठली रीत आड येत होती? राग होता. सासरी शब्द देऊन बसले होते, तू मला तोंडघशी पाडलंस असं वाटत होतं.

पण तेही वरवरचं. आई गेल्यावर तुला मी कडेवर वाढवलं. हरेशशी लग्न झालं असतं तर तू जन्मभर भिंतीपलीकडे राहिली असतीस. तुझं भलं तुझं भलं म्हणत मी माझी सोबत बघत होते. चुकलं माझं.

आता तसं काही दुखत नाही. दुकान चालतं, यांना दिवसपाळी मिळाली आहे, आणि तुझं पत्र पेटीत बांगड्यांच्या खाली ठेवलं आहे, दिवसातून एकदा काढते. तू तेव्हा ऐकलं नाहीस तेच बरं झालं.

बाबा म्हणतात, "निघताना नाय इचारायचा. पोचल्यावर 'कुठं' इचारायला काय हरकत हाय? लिव." म्हणून माझा पेपर तू सोडव. कुठे राहतेस? खिडकीतून काय दिसतं? कोण आहे सोबतीला? वाल मिळतात का तिकडे, की बिरडं विसरलीस? केव्हा येतेस? हे शेवटचं बाबांचं.

तुझ्या कागदावर अकराव्या प्रश्नापुढची जागा कोरी ठेवली आहे. त्याचं उत्तर सरांना दाखवायचं नाही. बाबांनी विचारलं होतं, माझंच राहिलं होतं.

लांब का गो, मालू?

बिरडं तसंच टाकून दारात आलेली,
तुझी हौसाताई