पेढे वाटले म्हणून घेराव

कलकत्ता,
१२ नोव्हेंबर १९६९

तीर्थस्वरूप शकुनवन्संना वृंदाचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल आणि नागपूरच्या थंडीत तुम्ही तो झाकून ठेवत असाल, असं धरून चालते. इकडे आम्ही बरे आहोत (बरे म्हणजे आजारी कुणी नाही, बाकीचं पुढे लिहिते). आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं असं डॉक्टर म्हणतात. आई मात्र पट्टी सुटल्याशिवाय काहीही कबूल करायला तयार नाहीत.

तुमचं पत्र पोचलं. दुपारी चारला सासूच्या डोळ्यात थेंब घालायला सून घरी नसेल तर तिने नोकरी सोडावी, नाहीतर मी येऊन आईला नागपूरला घेऊन जाते, असं तुम्ही लिहिलं आहे. मी ते वाचलं आणि मला पटलं. मग तुमच्या भावाने वाचलं. ते म्हणाले, नोकरी सोडायची नाही आणि आईलाही पाठवायचं नाही. तेही मला पटलं. आमच्या माहेरी शाळेत गेलेली मी पहिली. वडील हातमागावर बसतात. मागावरून लवकर उठायला कुणाची परवानगी घ्यायची, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. त्यामुळे काम कमी कसं मागायचं हे मला घरात कुणी शिकवलेलं नाही. मुलगी कलकत्त्यात टाइप करते असं ते बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. नोकरी सोडली तर त्यांना काय कळवायचं तेही मला सुचेना. म्हणून ठरवलं की पट्टी सुटेपर्यंत पाचऐवजी तीनला सोडा, हवा तर पगार कापा, असं मॅनेजरसाहेबांना विचारायचं.

आमचे मॅनेजर लाहिरीसाहेब फार सभ्य आहेत. (आमची कंपनी चहाच्या पेट्या बाहेरगावी पाठवते, हे तुम्हाला लग्नात सांगितलं होतं.) ते काय काय आक्षेप घेतील याचा विचार करून मी उत्तरं पाठ केली होती. त्यांनी एकही आक्षेप घेतला नाही, नुसतं ‘निघा तीनला’ म्हणाले. मला ते बरं वाटेना, म्हणून आक्षेप मीच घेतले. तीननंतर तातडीचं पत्र आलं तर कोण टाइप करील, इतर मुलींना काय वाटेल, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तरीही निघा.’

आता माझी चूक लिहिते. आपल्याकडे मनासारखं काम झालं की पेढे वाटतात. सवलत एकटीने गुपचूप खाणं मला चोरीसारखं वाटलं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सियालदहला जाऊन (ऑफिसपासून जवळ आहे) संदेश आणले, कारण आपल्यासारखे पेढे इथे मिळत नाहीत, आणि टेबलाटेबलावर जाऊन वाटले. इथे संदेश घेतला की कशाबद्दल ते विचारतात. मी प्रत्येकाला खरं ते सांगितलं. आमच्या युनियनचे सेक्रेटरी प्रमोददा यांनी एक खाल्ला, विचार केला, दुसरा घेतला आणि विचारलं, ‘वृंदादी, तुमच्या सासूसाठी तीन वाजता सुट्टी. बाकीच्यांच्या सासवा काय मेल्या?’ त्यांतल्या दोघींच्या गेल्या आहेत, असं मी सांगितलं. तेवढ्यावर विषय संपेल अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मी तीनला सुटण्याच्या पहिल्याच दिवशी, अडीचला युनियनने लाहिरीसाहेबांना घेराव घातला. मागणी अशी, की सगळ्यांनाच तीनला सोडा. मी कुठल्या बाजूला बसावं ते मला कळेना. प्रमोददांनी मला पुढची खुर्ची दिली, कारण लढा माझा होता. तीन वाजले तशी मी उठले. साहेब हळूच म्हणाले, ‘मी परवानगी दिलेली आहे, पण दार माझ्या हातात नाही.’ प्रमोददा म्हणाले, ‘ज्यांच्यासाठी घेराव, त्याच घरी गेल्या तर आम्ही कुणासाठी घेरून बसलोय?’ दोघांचंही बरोबर होतं, म्हणून मी खाली बसले. ‘वृंदादी जिंदाबाद’ असं मधून मधून ओरडत होते, तेव्हा दर वेळी उभं राहून नमस्कार केला. साहेब उपाशी होते आणि माझ्या डब्यात दशमी उरली होती. ती द्यावी का, असं मी विचारलं. कमिटीने बाहेर जाऊन ठरवलं की पाणी चालेल, दशमी नाही, कारण दशमीत किती ताकद असते ते त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

दिवे लागल्यावर लाहिरीसाहेबांचा धीर सुटला. ते म्हणाले की मालक लंडनला, मीही पगारीच माणूस, माझेही वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, आणि मलाही तीनला घरी जायला आवडेल. मग मागणीखाली त्यांचीही सही घेतली, त्यांच्या नावाने जिंदाबाद झालं आणि सगळे चहा प्यायले. मागणी लंडनला गेली आहे. तिकडून उत्तर येईपर्यंत कुणी एकट्याने सवलत घ्यायची नाही, असं युनियनने ठरवलं आहे. म्हणजे मी पाचपर्यंत काम करते, आणि मला कमिटीवर घेतल्यामुळे पाचनंतर मीटिंगला बसते. पूर्वीपेक्षा उशिरा घरी येते. मी जिंकले की हरले ते मला नक्की सांगता येत नाही. राजीनामाही टाइप करून ठेवला आहे, पण प्रमोददा म्हणतात की तोही कमिटीपुढे ठेवावा लागेल.

घेरावाच्या संध्याकाळी बालीगंजला उतरून धावत घरी आले, तर खालच्या मजल्यावरच्या श्यामलादींनी आईंच्या डोळ्यात थेंब घातलेले होते. आईंना बंगाली येत नाही, श्यामलादींना मराठी येत नाही, आणि दोघी दुपारपासून बोलत होत्या. तुमचा निरोप येईल तसं वागेन. भावजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुमची,
वृंदा

ता. क. पत्र आईंना वाचून दाखवलं. त्या सांगतात तसंच लिहायचं, एक शब्द बदलायचा नाही, अशी ताकीद आहे. ‘शकुन, तू येऊ नकोस. श्यामला थेंब घालते तेव्हा काही विचारत नाही. ही घालते तेव्हा आधी विचारते झोंबेल का, मग विचारते झोंबतंय का, मग विचारते झोंबलं का. (हे खरं आहे. वृंदा.) ही तीनला घरी आली तर श्यामला संकोचाने उठून जाईल. मग पाचपर्यंत मी काय करू? डोळा बांधलेल्या माणसाला दुसरी करमणूक काय आहे? पण ही माझं ऐकत नाही. तू नोकरी सोड म्हणून लिहिलंस तर ते पत्र हिने देवापाशी ठेवलंय. तेव्हा कामावर पाचपर्यंत राहावं, असं एक कार्ड तूच टाक.’

ता. क. दुसरा. वन्सं, तसं कार्ड आलं तर मी ऐकेन. पण पाचनंतर मीटिंगला बसू नये, असंही त्यात खाली जरा कडक शब्दांत लिहाल का? आणि ते इंग्रजीत लिहा, म्हणजे मला कमिटीला दाखवता येईल. प्रमोददा साहेबांना भीत नाहीत, पण त्यांच्या घरी बायकोला नणंद आहे.