धंदा तेवढा माझ्या नावावर

३ मार्च
नोटीस आली. माझ्या नावावर! ‘आपण बसवलेलं पुस्तकांचं कपाट भिंतीवरून कोसळलं, आमच्या अशिलाचा हात मोडला, भरपाई द्या.’ आपण म्हणजे मी. मी आयुष्यात ड्रिल हातात धरलेलं नाही. भोकं नवरा पाडतो — शनिवार-रविवार, नोकरी सांभाळून.

४ मार्च
त्याला काही वाटलंच नाही. म्हणाला, “म्हणून तर धंदा तुझ्या नावावर काढला. फ्लॅट माझ्या नावावर, ठेवी माझ्या. तुझ्याकडे आहे काय? नेणार काय ते?” आणि हसला.

धंदा काढताना कागद पुढे सरकवून म्हणाला होता, “मालकीणबाई, सही करा.” मी खुळी, हरखले. आईला फोन करून सांगितलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

५ मार्च
डोळ्याला डोळा नाही.

७ मार्च
त्याच्या वकील मित्राकडे गेलो. त्याने विचारलं, विमा का नाही उतरवला? नवरा म्हणाला, “हप्ते कोण भरत बसणार?” मग मी समोर असून दोघं माझ्याबद्दल बोलत राहिले. वहिनींचं जाऊन जाऊन काय जाईल — शिलाई मशीन, शिवणाचे साठवलेले पैसे, फार तर आईच्या बांगड्या. तेवढं चालेल, असं ठरलं. कोणाला चालेल, ते कोणी विचारलं नाही.

९ मार्च
हात मोडलेल्या बाईंना भेटून आले. शिकवण्या घेतात, सध्या बंद. नवऱ्याने बजावलं होतं, “गेलीस तर चूक कबूल केल्यासारखं होईल.” गेले. त्यांनी एका हाताने माझ्यासाठी चहा केला. लाज वाटली. म्हणाल्या, “भिंत पोकळ वाजतेय, असं मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं. ते म्हणाले, काही होत नाही.”

११ मार्च
त्याला विचारलं. पोकळ भिंतीला लागणारे बोल्ट गाडीत नव्हते म्हणे, परत कोण जाणार! “कोर्टात विचारलं तर माहीत नाही म्हण. तुला एरवी तरी काय माहीत असतं?”

चोर सोडून संन्याशाला फाशी. वर दोरही संन्याशानेच आणायचा.

१४ मार्च
बाईंच्या वकिलाला लेखी दिलं — भोकं कोणी पाडली, पैसे कोणाच्या खात्यात जातात, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे. वाचून तो म्हणाला, “ताई, नीट विचार करा. ते घर तुमचंही आहे.”

घर माझंही आहे, हे मला पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं. तोही विरुद्ध पक्षाचा वकील.

कागद परत घेतला नाही.